दाभणबाईंचं तिकीट

माझ्या थोरल्या नणंदेला कारखान्यात सगळे दाभणबाई म्हणत. दाभण म्हणजे पोती शिवायची ती जाड, लांब सुई. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याने माणूस नीट पारखलं होतं. उंच, सडपातळ, ताठ बाई. बोलणं असं की एका बाजूने आत शिरलं की दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत थांबत नाही. घरात मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न करून या घरात येताना माझ्या आईने बजावलं होतं, नणंदेला जपून राहा. पहिल्याच आठवड्यात वन्संनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुला माझी भीती वाटते का?"

मी खाली बघून नाही म्हटलं.

"मग वर बघून सांग," म्हणाल्या.

त्या रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होत्या. जुने डबे तिथे दुरुस्तीला येतात. आतली बाकं उचकटली जातात, फाटलेलं रेक्झिन सोलून काढतात, खालचा काथ्या नाहीतर फोम बदलतात आणि नवीन खोळ शिवून चढवतात. हे शेवटचं काम वन्संचं. लांबलचक मेज, खडू, मापपट्टी, मेण लावलेलं सूत आणि अवजड शिलाई मशीन. उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या पेरात कायमची वाकलेली. सूत ओढून ओढून ती तशीच राहिली.

ते मेज मुळात माझ्या सासऱ्यांचं. ते अचानक गेले तेव्हा वन्सं एकोणीस वर्षांच्या होत्या, थोरले भाऊजी सतराचे आणि माझे यजमान नऊचे. घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. भाऊजी अभ्यासात हुशार, तेव्हा त्यांनी शिकावं आणि नोकरी वन्संनी धरावी असं ठरलं. नातेवाईक अजून त्या गोष्टीवर उसासे टाकतात. वन्संना ते मुळीच खपत नाही. "मला शाळेचा कंटाळा होता," त्या सांगतात, "आणि बाबांचं काम मला आवडायचं. मी कुणासाठी काही सोडलेलं नाही. उगाच मला देवघरात बसवू नका."

कचेरीतल्या लोकांनी त्यांच्यासाठी पाणी भरायचं आणि फायली इकडून तिकडे नेण्याचं काम काढलं होतं. वन्सं म्हणाल्या, बाबांची जागा रिकामी आहे, मला तीच द्या. फोरमन हसला. म्हणाला, पोरी, सूत ओढायला मनगट लागतं. "मग एक गादी द्या आणि एक दिवस द्या," वन्सं म्हणाल्या. संध्याकाळी फोरमन बुटांसकट त्या गादीवर चढून नाचला, कोपऱ्यांत अंगठे खुपसून बघितले, टाके ओढून बघितले. एकही हलला नाही. दुसऱ्या दिवशी मेज वन्संचं झालं.

त्या खात्यात बायकांसाठी संडास नव्हता. बाईच नव्हती, तर संडास कुठला असणार? वन्सं सरळ अधिकाऱ्यांच्या संडासात जायला लागल्या. चार दिवसांनी साहेबांची चिठ्ठी आली, हे बंद करा. वन्संनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवलं, दुसरा बांधा, बंद करते. दीड वर्ष लागलं, पण बांधला. दीड वर्षात साहेबाने स्वतःच्या घरी जाऊन यायची सवय लावून घेतली होती म्हणतात.

लग्न केलं नाही. दोन-तीन जण बघून गेले, सगळ्यांची एकच अट, नोकरी सोडायची. वन्संनी एकाला विचारलं, तुम्ही सोडता का? तो उठून गेला तो चहासुद्धा न पिता.

आता ज्या प्रवासाची गोष्ट सांगायची आहे, त्या वेळी वन्सं सत्तावन्न वर्षांच्या होत्या. थोरले भाऊजी त्याच रेल्वेत मोठे अधिकारी झाले होते. बंगला, गाडी, दाराशी शिपाई. सासूबाई त्यांच्याकडे राहत. माझे यजमान बँकेत, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आणि वन्सं कामगारांच्या चाळवजा इमारतीत दोन खोल्यांत.

सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, गाडीने एका रात्रीच्या अंतरावर राहतात. आयुष्यभर मास्तरकी केली. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेला वाचनालय बांधून दिलं आणि त्याला मामांचं नाव द्यायचं ठरवलं. मामांनी फोन करून सांगितलं, सगळे या, एक माणूस कमी चालणार नाही.

तिकिटांची जबाबदारी भाऊजींनी घेतली. त्यांना पहिल्या वर्गाचा पास मिळतो. त्यात ते, जाऊबाई आणि सासूबाई. आम्ही दोघांनी पैसे भरून मधल्या वर्गाचं थंड डब्याचं तिकीट काढलं. वन्संनाही कामगार म्हणून वर्षाला मोजके पास मिळतात, साध्या झोपायच्या डब्याचे. त्यांनी अर्ज भरायला घेतला तेव्हा भाऊजींचा फोन आला. "ताई, कशाला तुझा पास घालवतेस? माझ्या पासावर साध्या डब्यात एक जागा मिळते. तुझं त्यात बसतं."

"बसतं ना नक्की?"

"अगं बसतं. मी बघतो."

वन्संनी अर्ज फाडला. असं एकाच गाडीचं तिकीट असलेलं आमचं घर तीन डब्यांत वाटलं गेलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याची जशी नोकरी तसा डबा, आणि वन्संनाही थंड हवेचं काही अप्रूप नव्हतं. "तिथे खिडकी उघडत नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि आपली पिशवी खांद्याला लावून पुढे चालत्या झाल्या.

गाडी संध्याकाळी सातला सुटली. तासाभराने जाऊबाईंचा फोन आला. सासूबाईंना बाथरूमला न्यायचं आहे, वन्सं फोन उचलत नाहीत, त्यांना जरा बोलावून आण. मी म्हटलं, मी येते की. तर म्हणाल्या, "नको, आईंना वन्संचीच सवय आहे. आणि माझी कंबर धरली आहे." जाऊबाईंची कंबर कधी धरते याचा अंदाज मला वीस वर्षांत आलेला आहे. चार डबे ओलांडून वन्संच्या डब्यात गेले.

तिथे तिकीट तपासनीस उभा होता. पिकल्या केसांचा, चष्मा नाकावर उतरलेला गृहस्थ. हातातली यादी दिव्याकडे धरून बघत होता. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या.

"तुम्ही पहिल्या वर्गातल्या साहेबांच्या पासावर ना?" त्याने विचारलं.

"हो. माझा भाऊ आहे."

"भाऊ?" त्याने यादीत पुन्हा बघितलं, मग वन्संकडे. "बरं. बसा, बसा."

"काय लिहिलंय तिथे?" वन्संनी विचारलं.

"काही नाही हो. नियमाचं असतं ते."

"वाचून दाखवा."

त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला सोडवणार होते. मग खालच्या आवाजात वाचलं, "सोबत, घरकामाची बाई, एक."

आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. वन्संनी फक्त विचारलं, "नाव?"

"त्या रकान्यात नाव लागत नाही."

मी त्यांच्या इतक्या वर्षांच्या सहवासात त्यांना शब्द शोधताना पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाल्या, "मला माझ्या नावाचं तिकीट फाडून द्या."

"अहो, पण तुमचं तिकीट चालतं आहे. काही खोटं नाही त्यात."

"मी घरकामाची बाई नाही."

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, मांडीवर डबा घेऊन. ती एकदम म्हणाली, "मी आहे घरकाम करणारी. आठ घरची कामं करते. त्यात वाईट काय आहे, ताई?"

मला वाटलं आता वाजणार. पण वन्सं तिच्याकडे पूर्ण वळल्या. "काही वाईट नाही. तुम्हाला न विचारता कुणी कागदावर तुमच्या घरातली तुमची जागा बदलली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

त्या बाईने विचार केला. "भांडले असते."

"आणि तुम्ही कुणाच्या पासावर जात असता तर तुमचं नाव लिहायला नको?"

"मला नाव आहे," ती बाई म्हणाली. "लिहायलाच हवं."

"तेच तर." वन्सं तपासनिसाकडे वळल्या. "फाडा तिकीट."

तो बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, नवीन तिकीट द्यायचं तर पूर्ण भाडं, वर दंड. आणि दंडाच्या पावतीवर विनातिकीट प्रवास असं लिहावं लागेल. दुसरा रकानाच नाही.

"लिहा. विनातिकीट चालेल मला."

"तीस वर्षांच्या नोकरीत दंड मागून घेणारा प्रवासी बघितला नव्हता," तो पुटपुटला आणि पुस्तक काढलं. वन्संनी नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून. धंदा विचारला नव्हता, तोही सांगितला. त्याने तो पावतीच्या कडेला मुकाट्याने लिहून घेतला. जाता जाता म्हणाला, "बाई, तक्रार लिहायची असेल तर वही आहे माझ्याकडे. पासाचा असा वापर चालत नाही. साहेबांना जड जाईल."

"आधी साहेबांना विचारते," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तू का आलीस?"

मी चाचरत सांगितलं की आईंना बाथरूमला न्यायचं आहे, म्हणून त्यांना बोलावलं आहे. मला वाटलं त्या आता येणार नाहीत. पण त्या पायांत चपला सरकवत उठल्या. "आईला थांबवायचं नसतं," म्हणाल्या.

पहिल्या वर्गाच्या दारात डब्यावरच्या माणसाने हात आडवा केला. "नोकरांनी अर्ध्या तासाच्या वर आत थांबायचं नाही."

"मुलींनी किती थांबायचं?" वन्संनी विचारलं आणि त्याच्या हाताखालून आत गेल्या.

चार जणांची खोली होती. भाऊजी, जाऊबाई, सासूबाई आणि चौथ्या जागेवर एक कारखानदार गृहस्थ, सोनेरी काडीचा चष्मा लावलेले. भाऊजींची आणि त्यांची चांगलीच जमली होती, हसण्याचे आवाज बाहेर ऐकू येत होते. वन्सं आत गेल्या. सासूबाईंच्या पायांत मोजे चढवले, काखेत हात घालून उठवलं आणि त्यांना हळूहळू घेऊन गेल्या. मी दाराशीच थांबले.

त्यांची पाठ वळल्यावर कारखानदार म्हणाले, "बाई चांगली मिळाली आहे तुम्हाला. काय प्रेमाने करते. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनीही क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्यांना फक्त चार शब्द बोलायचे होते, ती माझी बहीण आहे. जाऊबाई चादरीच्या घड्या घालायला लागल्या. भाऊजी खिडकीच्या काळ्या काचेकडे वळून म्हणाले, "हं."

मीही गप्प बसले. हे सांगायला नको वाटतं, पण सांगितलं पाहिजे. मलाही तेच चार शब्द येत होते.

मायलेकी बोळात दोन पावलांवर उभ्या होत्या. बाथरूममध्ये दुसरं कुणी होतं म्हणून त्या थांबल्या होत्या. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. त्यांनी ऐकलं होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "कोण बाई? कुणाबद्दल बोलताय?"

"काही नाही आई," भाऊजी घाईने म्हणाले. "तू ये, बस."

"आधी बाथरूम," वन्सं म्हणाल्या. आणि खरोखरच आधी तेच केलं. पाच-सात मिनिटं गेली.

परत आल्यावर वन्संनी सासूबाईंना बसवलं आणि मग सांगितलं, आवाज न चढवता, "आई, याच्या पासावर मी घरकामाची बाई आहे. तसं लिहून दिलंय याने. नाव नाही, फक्त बाई, एक." मग त्या कारखानदारांकडे वळल्या. "मी यांची मोठी बहीण. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या गाद्या शिवते, अडतीस वर्षं." बोलता बोलता त्यांचा अंगठा सवयीने गादीच्या कडेवरून फिरला. त्यांनी शिवण दाबून बघितली. "ही आमच्याकडची नाही. टाका ढिला आहे."

कारखानदार अर्धवट उठून उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना. "माफ करा, मला कल्पना नव्हती."

"तुमची चूक नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही धरून चाललात."

"ताई, तू इथे तमाशा करू नकोस," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. "पासावर बहीण बसत नाही. तुझा पास वाचावा म्हणून केलं. कागदावरची गोष्ट आहे."

"मला विचारलं असतंस तर मी चालत आले असते, पण अशी नसते आले."

"तू ऐकलं नसतंस म्हणून नाही विचारलं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझी पिशवी दे."

"कशाला?" जाऊबाई दचकल्या.

"मी हिच्या डब्यात जाते."

"आई, तिथे गर्दी आहे. तुझे गुडघे बघ," भाऊजी म्हणाले.

"गुडघे माझे आहेत."

"अहो, लोक काय म्हणतील?" जाऊबाई म्हणाल्या.

"जे म्हणायचं ते म्हणून झालं की," सासूबाईंनी कारखानदारांकडे हात केला, "आणि हा त्यावर हं म्हणाला. इथे झोपून मला झोप येणार आहे का?"

म्हातारी उठली. वन्संनी एक हात धरला, मी उशी आणि पिशवी घेतली. भाऊजी दारापर्यंत आले, पण बोळात पाऊल टाकलं नाही. पाच डबे आम्ही ओलांडले. दोन डब्यांच्या सांध्यावर लोखंडी पत्रा पायाखाली थाडथाड हलत होता. तिथे सासूबाई थबकायच्या, वन्सं त्यांच्यापुढे उलट्या चालून दोन्ही हात धरायच्या आणि मग एकेक पाऊल. आमच्या डब्यातून जाताना माझे यजमान वरच्या बाकावरून खाली बघत राहिले. विचारलं काहीच नाही. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

साध्या डब्यात वन्संची जागा मधली होती, म्हातारीला चढणं शक्य नव्हतं. आठ घरची कामं करणाऱ्या त्या बाईने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता आपला खालचा बाक रिकामा केला. "आजी इथे. मी मधे चढते." वन्सं स्वतः सासूबाईंच्या पायाशी बसून राहिल्या. तिकडे तिघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण मी निघाले तेव्हा सासूबाईंना हसताना मी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं.

परत आल्यावर मी यजमानांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दादाने अर्ज माझ्यासमोर भरला," ते म्हणाले. "मी म्हटलं त्याला, ताईला आवडणार नाही. तो म्हणाला, तिला कुठे दिसणार आहे."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? दादाचा पास होता."

मी त्यांच्याशी भांडले. मग माझ्या थंड डब्यात, स्वच्छ चादरीवर झोपले. लाज वाटत होती, पण उठून वन्संच्या डब्यात जाऊन बसले नाही.

उजाडल्यावर गेले. सासूबाई उघड्या खिडकीशी वारा खात बसल्या होत्या आणि ती बाई त्यांचे मोकळे केस विंचरत होती. वन्सं दाराशी उभ्या राहून चहा पीत होत्या. डोळे लाल झाले होते. मला बघून त्यांनी आपला कप माझ्या हातात दिला आणि दुसरा मागवला.

समारंभात वन्संनी काहीही केलं नाही. भाऊजी पहिल्या रांगेत बसले, त्यांचा सत्कार झाला, त्यांनी छान भाषण केलं. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. वन्सं मागे भिंतीशी उभ्या राहिल्या, कारण खुर्च्या कमी पडल्या होत्या. मामांनी मात्र व्यासपीठावरून खाली येऊन बहिणीला विचारलं, "प्रवास कसा झाला? लेकाने आणलं ना नीट?"

"लेकीने आणलं," सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. भाऊजी चपलांचा पट्टा बघत राहिले.

येताना पहिल्या वर्गातल्या सासूबाईंच्या जागेवर कुणीच बसलं नाही. वन्संनी स्वतःच्या नावाचं तिकीट काढलं, शेजारी सासूबाईंचं. आणि सासूबाई स्टेशनवरून भाऊजींच्या बंगल्यावर न जाता थेट वन्संच्या दोन खोल्यांत गेल्या. त्यांची ट्रंक चार दिवसांनी भाऊजींच्या शिपायाने आणून दिली. वन्संनी त्याला बसवून चहा पाजला, नाव विचारलं, आणि ट्रंक परत पाठवली. "आईची ट्रंक तिच्या मुलाने आणून द्यावी असं सांग," म्हणाल्या. सासूबाईंनी तीन महिने वन्संच्या साड्या नेसून काढले, पण ट्रंकेचं नाव काढलं नाही. शेवटी ती माझ्या यजमानांनी आणली. ते कसे तयार झाले, त्यासाठी घरात मी काय काय केलं, ते सोडून देते.

तक्रार मात्र वन्संनी केली नाही. मी विचारलंही. एक कागद पुरेसा होता. "माझी तक्रार रेल्वेशी नाही," त्या म्हणाल्या. "त्याने लिहिलंय, त्यानेच खोडावं." त्यांनी भाऊजींना निरोप पाठवला. कचेरीला पत्र लिही, की तू बहिणीची नोंद नोकर म्हणून केलीस आणि ती चूक होती. पत्र लिहीपर्यंत मी तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही.

भाऊजींचा तिळपापड झाला. असं पत्र म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. चौकशी होणार, पास बंद होणार, वरची जागा मिळायची तर ती लांबणार. नातेवाईक वन्संना समजवायला यायला लागले. एवढ्याशा गोष्टीसाठी भावाचं नुकसान करतेस? रक्ताचं नातं आहे. वन्सं प्रत्येकाला एकच विचारायच्या, "एवढीशी आहे ना? मग लिहायला त्याला काय होतं?" आठ महिने असे गेले. भाऊजी आईला भेटायला यायचे ते वन्सं कामावर असताना.

नवव्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते आले. मी तिथेच होते, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावत होते. गाडी नव्हती, शिपाई नव्हता. भाऊजींच्या हातात पाकीट होतं. "दिलं पत्र," म्हणाले. "ही नक्कल."

वन्संनी चष्मा लावून ते उभ्या उभ्याच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग एका ओळीवर ते वाकडं बोट ठेवलं. "हे काय लिहिलंयस? नजरचुकीने?"

"कचेरीत तसंच लिहितात, ताई. ती भाषा असते."

"नजरचुकीने नाही झालेलं. पुन्हा लिही."

भाऊजींचा चेहरा पडला. मला वाटलं ते आता कागद फेकून जातील. मलाही मनातून वाटलं की वन्संनी आता सोडून द्यावं, माणूस आला तर आहे. भाऊजींनी आईकडे बघितलं. सासूबाई माझ्या हातातल्या तेलाच्या वाटीकडे बघत होत्या. भाऊजी कागदाची घडी घालून निघून गेले.

तीन आठवड्यांनी परत आले. नवीन पत्रात लिहिलं होतं, "मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची नोंद घरकामाची बाई अशी जाणूनबुजून केली." खाली वन्संचं पूर्ण नाव होतं. त्यावर कचेरीचा शिक्का. भाऊजींचे पास वर्षभरासाठी बंद झाले आणि त्यांच्या मागून आलेला माणूस त्यांच्या वर गेला. जाऊबाई माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. वन्संशी तर नाहीच.

त्या दिवशी वन्संनी पत्र वाचलं, कपाटात ठेवलं आणि म्हणाल्या, "बस." भाऊजी बसले. मग भाऊजी सासूबाईंना म्हणाले, "आई, आता तरी घरी चल."

"मी घरीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू येत जा."

ते येत जातात. महिन्यातून एकदा तरी, आणि वन्सं घरी असतात तेव्हा. दोघं राजकारणावर कडाकडा भांडतात, म्हणजे बरंच झालं म्हणायचं. वन्सं गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला कारखान्याने त्यांना पहिल्या वर्गाचा एक प्रवास देऊ केला होता, कुठेही जा म्हणून. वन्संनी विचारलं, त्याऐवजी त्याच किमतीचे साध्या डब्याचे किती मिळतील? पाच, ते म्हणाले. वन्संनी पाच घेतले. अजून त्यातले तीन शिल्लक आहेत.

मी एकदा भाजी निवडताना विचारलं, "वन्सं, भाऊजींना तुम्ही माफ केलंत ना?"

"माफ कुठे केलं?" त्या म्हणाल्या. "बोलायला लागले, एवढंच." आणि निवडलेली जुडी माझ्या हातातून घेऊन, त्यातली मी तशीच सोडलेली दोन पिवळी पानं काढून बाजूला ठेवली.